मामाचं भात आणि चोवीस अक्षरांचा पत्ता

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी लोणावळा लोकलमध्ये शिरणं हे एक दिव्य आहे. निम्मा डबा भुशी डॅमला भिजायला निघालेला, उरलेला निम्मा टायगर पॉइंटला कणीस खायला. तळेगाव गेलं, वडगाव गेलं, कान्हे गेलं की मी दाराकडे सरकायला लागतो. 'अहो, लोणावळा अजून लांब आहे' असं कुणीतरी प्रेमाने सांगतंच. मी कामशेतला उतरतो. माझा पावसाळा लोणावळ्याच्या अलीकडेच संपतो.

मामाचं गाव कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. डोंगराच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत एकाखाली एक उतरत गेलेली पाच खाचरं. वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी आबांच्या दोन खाचरांत. आबा म्हणजे शेजारी. त्यांचं आणि मामांचं बांधावरून वर्षातून एकदा वाजतं आणि दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे जातात. भात अर्थातच इंद्रायणी. हा वाण आमच्या मावळातलाच! वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. आई-बाप कोण, तर आंबेमोहर १५७ आणि आयआर ८. पुण्यातल्या दुकानांत पाटीवर 'मावळची इंद्रायणी' लिहिलेलं असलं की मला उगाचच घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली, आणि ती माझ्या एका चुकीने झाली. मनात बरेच दिवस होतं, लिहायला धीर होत नव्हता. असो.

ऑगस्टचा शेवट असेल. मी ऑफिसात, एका रिलीजच्या गडबडीत. मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि पाठोपाठ फोन. "अरं, शेंड्याकडनं पिवळं पडाय लागलंय. बघ जरा तुझ्या त्या कम्प्युटरवर, काय हाय ते."

मी फोटो मोठा करून पाहिला. पान शेंड्याकडून पिवळं. इंटरनेटवर टाकलं, शेजारी शेजारी चित्रं आली. नत्राची कमतरता! अगदी तसंच दिसत होतं. तीन मिनिटांत निदान. मी फोन लावला आणि मीटिंगमध्ये बोलतो त्या आवाजात सांगितलं, "मामा, नत्र कमी पडलंय. युरियाचा एक हात द्या."

"व्हय? बरं. उद्याच देतो."

आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर मी. बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक हातात धरलेलं नाही, पण मामांच्या लेखी कम्प्युटरवाल्याला सगळं कळतं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही लेखी कळत होतं.

दहा-बारा दिवसांनी गेलो तेव्हा वरची तीन खाचरं कडेकडेने वाळलेली. पानाची मधली शीर हिरवी आणि दोन्ही कडांना नागमोडी, पेंढ्याच्या रंगाची पट्टी. आबांच्या वरच्या खाचरातही तेच सुरू झालेलं. त्याच दिवशी कृषी सहायक आले होते. त्यांनी मामींकडून काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी मागितलं. दुखणाईत पानाचा एक तुकडा कात्रीने कापला आणि कापलेलं टोक पाण्यात धरून ठेवलं. आम्ही सगळे ग्लासात डोकावून बघतोय. थोड्या वेळाने त्या टोकातून धुरासारखा एक दुधाळ धागा खाली उतरायला लागला.

"कडा करपा," ते म्हणाले. "हे जे बाहेर पडतंय ना, ते जिवाणू. लाखोंनी." मग त्यांनी विचारलं, "युरिया कधी टाकला?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकला. आठ-दहा दिसांखाली."

कुणाच्या सांगण्यावरून टाकला, ते बोलले नाहीत. तेव्हाही नाही, आजपर्यंतही नाही. कडा करप्यात जादा नत्र दिलं की रोग भडकतो, ही गोष्ट भाताच्या कुठल्याही पत्रकात छापलेली असते. मी पत्रक वाचलं नव्हतं. मी फोटो जुळवला होता.

पुण्याला परत येताना लोकलमध्ये बसायला जागा होती, तरी मी दारात उभा राहून आलो.

त्यानंतर कित्येक शनिवार-रविवार मी एवढंच वाचत होतो. आधी अपराधीपणामुळे, मग चक्क आवडायला लागलं म्हणून. आज जे लिहितोय ते त्या वाचनातून. मी तज्ज्ञ नाही. एका इंजिनिअरला जेवढं कळलं तेवढंच.

या जिवाणूचं नाव झँथोमोनास ओरायझी. १८८४ साली जपानच्या फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांनी हा रोग पहिल्यांदा हेरला, आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की जमीन आम्लधर्मी झाल्यामुळे पानं वाळतायत. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!) भारतातली पहिली नोंद १९५१ सालची, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खोपोली भागातली सांगतात. खोपोली म्हणजे लोणावळ्याचा घाट उतरलं की लागतं ते. आपण त्या घाटात गाडी थांबवून धुक्याचे फोटो काढतो त्याच्या अगदी पायाशी. पुढे १९६३ साली बिहारमध्ये मोठी साथ आली तेव्हा देशाने या रोगाकडे नीट पाहिलं.

भाताच्या पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात. पहाटे पानाच्या टोकावर मोत्यासारखे थेंब दिसतात, ते सगळे दवाचे नसतात. बरेचसे झाडाने स्वतः बाहेर टाकलेलं पाणी असतं. याच छिद्रांतून नाहीतर एखाद्या जखमेतून जिवाणू आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत मुक्काम ठोकतो. म्हणून आधी कड करपते, म्हणून नाव कडा करपा. आणि पाण्याबरोबर तो एका खाचरातून दुसऱ्यात जातो. आबांच्या खाचरात कसा गेला ते वेगळं सांगायला नको.

पण नळीत नुसतं पाणी. तिथे या लाखो जिवाणूंनी खायचं काय? इथून गोष्ट माझ्या धंद्याच्या अंगणात येते.

जिवाणूकडे इंजेक्शनच्या सुईसारखं एक यंत्र असतं. त्यातून तो आपली काही प्रोटीनं थेट भाताच्या पेशीत सोडतो. त्यांतल्या एका घराण्याला 'टॅल' म्हणतात. हीच ती रोग घडवणारी हत्यारं. १९८९ साली मिरचीवरच्या एका झँथोमोनासमधून या घराण्यातलं एक प्रोटीन पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, एव्हीआर-बीएस-३. त्याची रचना बघून सगळेच चक्रावले. प्रोटीन म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेली लांबलचक स्ट्रिंग. या स्ट्रिंगच्या मधोमध ३४ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा, साडेसतरा वेळा आलेला. कुणीतरी कॉपी-पेस्टचं बटण दाबून धरावं तसा! सगळे तुकडे जवळजवळ सारखे. फरक असायचा तो मुख्यतः १२व्या आणि १३व्या जागेवरच्या दोन अक्षरांत.

आता अशा प्रोटीनचं काम काय, हे ओळखायचं कसं? नेहमीचा रस्ता म्हणजे ब्लास्ट. हे १९९० साली आलेलं सॉफ्टवेअर तुमच्या स्ट्रिंगसारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग जगभरच्या डेटाबेसमधून शोधून देतं. समजा तुमच्या प्रोटीनसारखं दुसरं प्रोटीन साखर तोडत असेल, तर तुमचंही तेच करत असणार असा अंदाज. हा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, कारण सारखी दिसणारी प्रोटीनं बहुधा एकाच पूर्वजाची पोरं असतात. पण घोळही इथेच आहे. एकाने अंदाजाने लावलेलं लेबल दुसरा कॉपी करतो, दुसऱ्याचं तिसरा. दहाव्या ठिकाणी पोचेपर्यंत तो अंदाज होता हेच कुणाला आठवत नाही. आपल्या कोडबेसमध्ये कुणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहिलेली कॉमेंट आपण जशी खरी मानतो, तसंच.

टॅलच्या बाबतीत तर ब्लास्ट भिंतीवर डोकं आपटतं. विचारलं की हे कुणासारखं आहे, तर उत्तर येतं: दुसऱ्या टॅलसारखं. बरं, ते दुसरं काय करतं? ते तिसऱ्यासारखं आहे! शिवाय सगळी इतकी सारखी की 'सारखेपणा' या मापाला अर्थच उरत नाही. सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत, आणि ब्लास्टच्या दृष्टीने तो किरकोळ फरक.

कोडं सुटलं २००९ साली. दोन गटांनी एकाच वेळी सोडवलं आणि दोघांचे लेख 'सायन्स'च्या एकाच अंकात शेजारी शेजारी छापून आले. एक गट जर्मनीतल्या हाले विद्यापीठातला, येन्स बोख आणि उला बोनास यांचा. दुसऱ्या लेखावर फक्त दोन नावं: अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले ॲडम बोगदानोव्ह आणि तिथलाच पीएच.डी.चा विद्यार्थी मॅथ्यू मॉस्को.

मॉस्कोचं काम वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो होतो. तोवर एवढं माहीत झालं होतं की ही प्रोटीनं झाडाच्या डीएनएवर एका ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात. मिरचीतल्या त्या जागेची लांबीही ठाऊक होती. साडेसतरा तुकड्यांच्या प्रोटीनसाठी जागा जवळपास तेवढ्याच अक्षरांची! मग प्रत्येक तुकडा एकेक अक्षर वाचत असेल तर? ज्या टॅलची लक्ष्यं आधीच माहीत होती, त्यांच्या तुकड्यांच्या जोड्या एका ओळीत आणि लक्ष्याचा डीएनए दुसऱ्या ओळीत असं मांडून त्यांनी कम्प्युटरकडून ती सरकवून बघितली. जिथे एका जोडीसमोर सतत एकच अक्षर येतं, गोंधळ कमीत कमी होतो, अशी मांडणी शोधली. आणि तक्ता बाहेर पडला:

एचडी असेल तर सी.
एनआय असेल तर ए.
एनजी असेल तर टी.
एनएन असेल तर जी, कधी ए.
एनएस असेल तर काहीही चालेल.

मंडळी, हे रेग्युलर एक्स्प्रेशन आहे! अक्षरशः. एनएन म्हणजे चौकटी कंसातले दोन पर्याय, एनएस म्हणजे टिंब. जिवाणू भाताच्या पेशीत एक रेगेक्स सोडतो, ती डीएनएवर आपली जुळणी शोधते, आणि जुळली की तिथलं फंक्शन कॉल होतं. कोट्यवधी माणसं जेवतात त्या पिकाच्या पेशीत हे कधीपासून चालू आहे, आणि आपण मात्र रेगेक्सची डॉक्युमेंटेशन उघडून बसतो!

हाले गटाने हाच तक्ता प्रयोगशाळेच्या अंगाने सिद्ध केला. त्यांनी मनाप्रमाणे तुकडे जोडून नवी टॅल बनवली आणि ती ठरवलेल्याच जागी जाऊन बसतात हे दाखवलं. हा भाग मी पहिल्या वाचनात भरभर उलटला होता. त्याचं महत्त्व नंतर कळलं.

आता भातातलं सांगतो. फिलिपिन्समधल्या एका झँथोमोनासचा पूर्ण जीनोम २००८ साली प्रसिद्ध झाला. नाव पीएक्सओ ९९ ए, लांबी सुमारे ५२ लाख अक्षरं, त्यात टॅलची १९ जनुकं. त्यातलं एक पीटीएच-एक्सओ-१. त्यात साडेतेवीस तुकडे, म्हणजे चोवीस अक्षरांचा पत्ता. हा पत्ता भाताच्या स्वीट-११ नावाच्या जनुकाच्या अगदी उंबऱ्याशी सापडतो. आणि स्वीट-११ काय करतं? पेशीतली साखर पेशीबाहेर सोडतं. म्हणजे जिवाणू भाताच्याच हातून भाताचं कोठार उघडून घेतो. नळीत बसून खायचं काय, याचं उत्तर हे.

मला राहवेना. डेटा सगळा फुकट उपलब्ध आहे. एका शुक्रवारी रात्री जिवाणूचा जीनोम उतरवला, भाताचा जीनोम उतरवला, आणि रविवार दुपारपर्यंत शंभर-सव्वाशे ओळींचं पायथन लिहिलं. ३४ अक्षरांचे तुकडे शोध, १२वं आणि १३वं अक्षर उचल, तक्त्यातून पत्ता बनव, आणि भाताच्या प्रत्येक जनुकाच्या अलीकडच्या हजार अक्षरांत तो पत्ता हुडक. याच कामासाठी बोगदानोव्हच्या प्रयोगशाळेने एक चांगलं साधन कधीच बनवून ठेवलंय, पण स्वतः चाक बनवल्याशिवाय इंजिनिअरला झोप कुठली!

रन केलं. स्वीट-११ यादीत वरच्या अंगाला दिसलं तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो. मग खाली स्क्रोल केलं. यादी संपेना.

हिशोब साधा आहे. पत्ता बारा अक्षरांचा असता तर चार घात बारा, म्हणजे साधारण १ कोटी ६८ लाख शक्यता झाल्या. भाताचा जीनोम सुमारे ३९ कोटी अक्षरांचा. नुसत्या योगायोगाने तो पत्ता तेवीसेक ठिकाणी सापडणार, डीएनएचे दोन्ही धागे धरले तर दुप्पट. चोवीस अक्षरं तंतोतंत योगायोगाने जुळणं जवळजवळ अशक्य, हे खरं. पण प्रोटीन तंतोतंत मागतच नाही. मधल्या एखाद-दुसऱ्या अक्षराकडे ते काणाडोळा करतं. तेवढी सूट माझ्या प्रोग्रॅमला दिली की यादी फुगते. त्यातली काही जनुकं खरोखर चालू होत असतील, बाकीची नुसती जुळणारी. स्वीट-११ खरं आहे हे मला ठाऊक होतं, कारण २००६ सालीच लोकांनी प्रत्यक्ष भातावर जिवाणू सोडून ते जनुक चालू झालेलं मोजलं होतं. माझ्या प्रोग्रॅमला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ती सगळी नावं एकाच यादीतल्या ओळी होत्या, फक्त गुण कमीजास्त.

ती यादी बघताना मला पिवळ्या पानाचा फोटो आठवला. तिथेही मी हेच केलं होतं. जुळणारं पहिलं चित्र उचललं आणि थेट शेतात युरिया टाकायला सांगितला. मधली पायरीच गाळली. ती पायरी म्हणजे मामींच्या घरातला एक ग्लास पाणी होती.

हल्ली कुणी म्हणेल, अल्फाफोल्ड आलंय की! खरंच आलंय. प्रोटीनच्या अक्षरांवरून त्याचा त्रिमितीय आकार सांगणाऱ्या त्या कामाला २०२४ साली रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण टॅलचा आकार म्हणजे डीएनएभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. २०१२ साली पीटीएच-एक्सओ-१ आणि त्याचा डीएनए यांचा एकत्र स्फटिक बनवून ती प्रत्यक्ष बघितली गेली. सगळ्या टॅलची स्प्रिंग सारखीच दिसते. कुठल्या पत्त्यावर जाणार ते त्या जोड्यांत लिहिलेलं, आणि तिथे जाऊन खरंच काय घडतं ते भाताच्या झाडात.

मग या अंदाजांचा उपयोग काय? आहे, आणि चांगला घसघशीत आहे.

भाताच्या काही वाणांत कडा करप्याला तोंड देणारी एक जुनी ताकद आहे, एक्सए-१३ नावाची. ब्रीडर मंडळी ती आधीपासून वापरत होती. ती चालते का, हे कळलं नंतर. त्या वाणांत स्वीट-११ शाबूत असतं, फक्त उंबऱ्यावरची अक्षरं थोडी वेगळी असतात. पत्ता बदललाय! जिवाणूची रेगेक्स येते, शोधते, आणि जुळत नाही. कोठार बंद. जनुकच काढून टाकलं असतं तर चाललं नसतं, कारण परागकण नीट तयार व्हायलाही ते लागतं. म्हणजे झाडाने फंक्शनला हात लावला नाही, फक्त बाहेरच्याला ते कॉल करता येणार नाही असं केलं.

हैदराबादच्या सीसीएमबीने आणि तिथल्याच भात संशोधन संचालनालयाने (आजची भारतीय भात संशोधन संस्था) मिळून सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात एक्सए-१३, एक्सए-५ आणि एक्सए-२१ ही तिन्ही एकत्र आणली. तो सुधारित वाण २००८ साली प्रसारित झाला. तीन का? कारण काही जिवाणू स्वीट-११च्या नादी लागतच नाहीत. त्यांच्याकडे स्वीट-१४चा पत्ता असतो. एकच कुलूप बदललं तर चोर शेजारच्या दारातून येतो. २०१९ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने तर क्रिस्परने स्वीट-११, १३ आणि १४ अशा तिन्ही उंबऱ्यांवरची अक्षरं बदलून दाखवली. नेमकी कुठली अक्षरं बदलायची, हे कळायला २००९ चा तो तक्ता लागला.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत मामांना सांगितलं. रेगेक्स वगळून. ओसरीवर बसून, चोर, कोठार, पत्ता असं करत. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आपल्या खाचरात कंचा चोर हाय? अकरावाला का चौदावाला?"

गप्पच झालो. पंधरा-सोळा महिने वाचन, एक प्रोग्रॅम, आणि नेमका हाच प्रश्न मला सुचला नव्हता. माझ्याकडचा जीनोम फिलिपिन्समधला. मामांच्या पानातून ग्लासात उतरलेला तो दुधाळ धागा कुठल्या टॅलची पेटी घेऊन आलाय, हे माझ्या लॅपटॉपवर कुठेच नाही. त्यासाठी इथलं पान कुणीतरी प्रयोगशाळेत न्यायला हवं, जिवाणू वेगळा करून वाचायला हवा. तेही सोपं नाही. टॅलचे तुकडे इतके सारखे की डीएनए छोट्या छोट्या तुकड्यांत वाचणाऱ्या यंत्रांना कुठला तुकडा कुठे लावायचा ते कळत नाही. सगळीकडे आभाळच असलेलं जिगसॉ पझल जसं! लांबलचक तुकडे सलग वाचणारी यंत्रं लागतात.

"माहीत नाही, मामा," मी म्हटलं. "इथला नेऊन बघावा लागेल."

"मंग सांबा महसुरी लावू म्हंतोस?"

"नको. इंद्रायणीच लावा."

मऊ, वासाचा भात सोडून मावळात दुसरं काही लावा असं मी सांगितलं असतं तर मामींनी मला जेवायला वाढलं नसतं. शिवाय सल्ले देण्याच्या बाबतीत माझं खातं अजून उधारीवर आहे. त्या वर्षी मामांच्या खळ्यावर नेहमीपेक्षा चार पोती कमी आली होती, आणि आबांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

या परवाच्या शनिवारी पुन्हा गेलो होतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले नव्हते, कारण त्या जखमेतूनही जिवाणू शिरतो. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी. वरच्या दोन खाचरांचं पाणी आबांकडे न जाता कडेच्या चरातून ओढ्याला जाईल असं मामांनी केलंय. चर खणायला आबाही होते म्हणे.

तरी एका कोपऱ्यात चार-पाच चुडांची पानं शेंड्याकडून पिवळी दिसलीच. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. घरात गेलो, मामींकडून ग्लास मागून घेतला, पान कापलं आणि पाण्यात धरलं. मामा, मामी आणि मी, तिघं ओसरीवर त्या ग्लासाकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी निवळच राहिलं.

"मंग? देऊ का युरिया?" मामांनी विचारलं, अगदी सरळ चेहऱ्याने.

"सोमवारी कृषी सहायकांना पान दाखवा," मी म्हटलं. "ते सांगतील तसं."

मामा हसले. दोन वर्षांत या विषयावर पहिल्यांदाच. मामींनी परत निघताना पाच किलो इंद्रायणी पिशवीत घातली. कामशेतला लोकलमध्ये चढलो तर डबा लोणावळ्याहून भिजून परतणाऱ्यांनी गच्च भरलेला. तांदळाची पिशवी छातीशी धरून तळेगावपर्यंत उभा होतो.